फोनातला बाण थांबतो तिथून पुढे: गोव्याच्या डोंगरवाटेवर मुलांसाठी जिओकॅशिंग

मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली. शंभर मीटरपर्यंत भरकटणारं साधं यंत्र एका रात्रीत पाच-दहा मीटरवर आलं. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यातल्या रानात वस्तूंनी भरलेली एक काळी बादली लपवली गेली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर झाले. लपवलेले डबे अक्षांश-रेखांशांवरून शोधायच्या खेळाचा, जिओकॅशिंगचा, जन्म तो.

उघड्या मैदानावर आजचा मोबाइल पाच मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. सत्तरी, धारबांदोडा किंवा सांग्याच्या डोंगरात, माट-किंदळाच्या दाट पानांखाली, ओहोळाच्या घळीत तोच फोन दहा ते वीस मीटर चुकतो. वीस मीटर त्रिज्येच्या वर्तुळात साडेबाराशे चौरस मीटर रान येतं. एवढ्या जागेत मुलांना डबा शोधायला सोडलं तर ती पाला तुडवतील, दगड उलथतील, बिळात हात घालतील. म्हणून डोंगरवाटेवरचा खेळ बांधताना एक गोष्ट आधी ठरवा: फोनाने माणसाला जागेजवळ आणायचं, शेवटचे दहा मीटर डोळ्यांनी आणि कोड्याने काढायचे. पुढचं सगळं या एका निर्णयावर उभं आहे.

इथे दिलेला आराखडा सहा ते तेरा वयाची मुलं असलेल्या घरांसाठी आहे: सुमारे २.२ किलोमीटरची गोल वाट, पाच थांबे आणि शेवटचा एक मोठा डबा. चढ एकूण ८० ते १०० मीटरपेक्षा जास्त नको. वेळेचा हिशेब असा: मुलांसह ताशी दोन किलोमीटर धरली तर चालायला ६६ मिनिटं, प्रत्येक थांब्यावर १२ प्रमाणे तासभर, शेवटच्या डब्यापाशी २० मिनिटं. म्हणजे अडीच तास. याहून लांब वाट आखली की शेवटच्या कोड्यापर्यंत लहान मूल कडेवर आलेलं असतं.

जागा कोणाची, हे आधी

गोव्यात घाटालगतचं बहुतेक दाट जंगल म्हादई, नेत्रावळी, खोतिगाव, बोंडला किंवा भगवान महावीर अभयारण्यात आणि मोलेच्या राष्ट्रीय उद्यानात मोडतं. तिथे परवानगीशिवाय प्रवेश नाही आणि डबा, चिठ्ठी, दोरी, काहीही ठेवून येणं चालणार नाही. ‘एकाच दिवसाचं तर आहे’ हे कारण पुरत नाही. अभयारण्यातल्या खुल्या वाटेवर खेळ करायचाच असेल तर वन खात्याला विचारून, डब्यांशिवाय करा: उत्तरं जागेवरच्या गोष्टींतून काढायची आणि वहीत लिहायची. तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिरासारख्या संरक्षित वास्तूजवळही हाच प्रकार योग्य. ‘खांबाच्या तळाशी हत्ती कोणाला तुडवतो आहे?’ एवढा एक प्रश्न मुलांना दहा मिनिटं त्या काळ्या दगडासमोर उभं करतो, आणि मंदिराला कोणाचा हातही लागत नाही.

डब्यांचा खेळ खाजगी बागायतीत किंवा कोमुनिदादच्या (गावकीच्या सामाईक) जमिनीत करा. काजूची टेकडी, तिच्या पायथ्याचं कुळागर (सुपारीची बाग) आणि मधून जाणारी जुनी पाणंद, असं जिथे एकत्र मिळेल ती जागा सोन्यासारखी. फोंडा तालुक्यात सावई-वेरे, केरीकडे आणि सत्तरीत वाळपईच्या पुढे अशा जागा बऱ्याच आहेत. जमीन कोणाची हे तोंडी चौकशीवर सोडू नका. सर्व्हे नंबर काढून ‘एक-चौदा’चा (गोव्यातला सातबारा) उतारा बघा, नकाशावर हद्द बघा आणि वाट हद्दीपासून निदान ४० मीटर आत ठेवा. कारण पुढे येईल.

मालकाकडे चार गोष्टी विचारायच्या. रानडुकरांसाठी विजेची किंवा सौर तार कुठे लावली आहे? फास लावले आहेत का? बाग खंडाने किंवा पावणीने (लिलावाने) दुसऱ्याला दिली आहे का? (मार्चपासून काजू लागले की बागेत खरा वावर त्याचाच असतो, तेव्हा त्यालाही विचारा.) आणि कुठे पाय ठेवलेला चालणार नाही? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शांतपणे ऐकून घ्या. देवराई, राखणदाराची जागा, वाघ्रोची (वाघदेवाची) मूर्ती, वीरगळ, सातेरी म्हणून पुजलेली रोयण (वारूळ), यांच्या आसपास डबा नको, कोडं नको, आरडाओरडाही नको. न पुजलेली रोयणही सोडा. वारुळात नाग राहतो हे काही नुसतं गोष्टीतलं नाही.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात जळवा, शेवाळलेला चिरा आणि अचानक फुगणारे व्हाळ असतात. मार्चपासून पाला कोरडा ठणठणीत होतो. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलासह किती ठिकाणी वणवे लागले ते आठवा. त्या दिवसांत चहासाठीही चूल पेटवू नका.

सामान

घट्ट झाकणाचे, चार बाजूंनी खटके असलेले आणि झाकणात रबरी कडी असलेले प्लॅस्टिकचे डबे: २५० ते ३०० मिलीचे पाच, अडीच लिटरचा एक. विकत घेतल्यावर प्रत्येक डब्यात कोरडा टिश्यू ठेवून तो अर्धा तास बादलीत बुडवून बघा. टिश्यू ओला झाला तर तो डबा स्वयंपाकघरात. बाहेरून मातकट कापड शिवा किंवा चिकटवा. चकचकीत प्लॅस्टिक माकडं लांबून हेरतात आणि दातांनी खटका उघडतात.

झाडांना बांधायला काथ्याची दोरी, दहा मीटर. खिळा कधीच नको. चिठ्ठ्या आणि बिल्ले ५ × ८ सेंटीमीटरचे, लॅमिनेट केलेले, पण कागदाच्या चारही बाजूंना किमान पाच मिलिमीटर नुसतं प्लॅस्टिक सुटलं पाहिजे. कागदाच्या कडेला लागून कापलं की दवाचं पाणी धारेतून आत शिरतं आणि सकाळपर्यंत शाई पसरते. अक्षरं १८ पॉइंटची, काळी, पांढऱ्यावर. झाडाखालच्या उजेडात आजीलाही वाचता आली पाहिजेत.

मोठ्या डब्यासाठी तीन अंकी कुलूप. गोव्याच्या दमट हवेत त्याची चाकं अडकतात, म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आदल्या दिवशी सोडा. आत नोंदवही, तीन पेन्सिली आणि शार्पनर (पेन दमट कागदावर चालत नाही), सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि अदलाबदलीच्या वस्तू: भोवरे, गोट्या, शिट्ट्या, रंगीत खडू, छोटी भिंगं. नियम एकच: एक वस्तू घ्यायची, तितक्याच मोलाची एक ठेवायची. खाऊ अजिबात नको, चॉकलेटसुद्धा नको. मुंग्या, उंदीर आणि रानडुकरं बंद डब्यातलाही वास हुडकतात. सुगंधी साबण, वासाचे खोडरबर हेही त्यातच आले.

प्रत्येक गटाला: ऑफलाइन नकाशा उतरवलेला एक फोन, पॉवरबँक, उत्तरपत्रिका, पेन्सिल, शिट्टी, माणशी एक लिटर पाणी. नकाशासाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड पुरे. अँड्रॉइडवर सी:जिओ घेतलं तर खेळाला लागणारे अंश-मिनिटांचे रकाने आयते मिळतात. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं बाहेरगावचे पाहुणे कधी बरोबर आणतात. भारतात ती परवान्याशिवाय वापरता येत नाहीत, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

अंक घेताना

जागेवर उभं राहून फोनवर दिसलेला पहिला आकडा टिपला की खेळ तिथेच फसला. फोन खिशातून काढल्यावर तो काही वेळ जुनीच जागा दाखवत असतो. दोन मिनिटं स्थिर उभे राहा, मग पंधरा-पंधरा सेकंदांनी दहा वाचनं घ्या, सगळ्यांत भलती दोन टाका, उरलेल्यांची सरासरी काढा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी हेच पुन्हा करा, कारण डोक्यावरचे उपग्रह तोपर्यंत हललेले असतात. दोन्ही दिवसांच्या सरासरीत मिनिटाच्या तिसऱ्या दशांशस्थानी चाराहून अधिक फरक येत असेल, म्हणजे सात-साडेसात मीटरच्या वर, तर ती जागा सोडा. थोडं वर, जिथे आभाळ दिसतं तिथे सरका. फोनाची बॅटरी-बचत बंद ठेवा आणि खूण वाटेला आपोआप चिकटवणारी सोय असेल तर तीही बंद करा.

सगळे अंक एकाच पद्धतीत लिहा. जिओकॅशिंगची रीत अंश आणि दशांश मिनिटांची: १५° २५.५००′. फोनातले साधे नकाशे हेच ठिकाण १५.४२५०° असं दाखवतात. कोणी १५.४२५० वाचून १५° ४२.५०′ भरलं की खूण सतरा मिनिटं, म्हणजे ३१ किलोमीटर उत्तरेला सरकते. धारबांदोड्याऐवजी सिंधुदुर्ग. ही चूक इतकी सर्रास होते की उत्तरपत्रिकेवर रकाने आधीच छापून द्यावेत: अंशांचा आकडा भरलेला, मिनिटांचा रकाना मोकळा, बिंदू छापील.

आणखी एक खास आपला सापळा. देवनागरी ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो आणि १ हा इंग्रजी नवासारखा. इंग्रजी शाळेतलं मूल घाईत १४ चे ९८ करतं. बरीच ॲप्स देवनागरी अंक घेतच नाहीत. म्हणून कोड्याची भाषा मराठी ठेवा, पण बिल्ल्यावरचा अंक शब्दातही लिहा: ‘चार’. चूक मुळापासूनच जाते.

मिनिटाच्या तिसऱ्या दशांशाला इथे सुमारे १.८ मीटर पडतात, दुसऱ्याला १८, पहिल्याला १८०. हे तीन आकडे पाठच करा. शेवटच्या डब्याचे अंक लपवताना ते कामी येतात.

पाच थांबे

शेवटचा डबा समजा इथे आहे (आकडे नुसते नमुन्याचे):

उ. १५° ३१.४कख′, पू. ७४° ०८.२गघ′

पहिला दशांश आम्ही मुद्दाम उघडा ठेवला आहे. तो चुकला तर कुटुंब १८० मीटर भलतीकडे, शेजाऱ्याच्या बागेत किंवा कड्यावर. क किंवा ग एकाने चुकला तर १८ मीटर, ख किंवा घ चुकला तर दोन मीटरही नाही. म्हणून ज्या कोड्याचं उत्तर पक्कंच येणार ते क आणि ग साठी ठेवायचं, जे घसरू शकतं ते ख आणि घ साठी. हद्दीपासून ४० मीटर आत राहायला सांगितलं ते याचसाठी.

पुढच्या थांब्याचे पूर्ण अक्षांश-रेखांश प्रत्येक डब्यात उघडे द्या. प्रत्येक पायरीला कोडं घातलं तर एका चुकीत सगळी साखळी तुटते. दोन थांब्यांत ३०० ते ४०० मीटर अंतर ठेवा. पुढचा डबा मागच्यावरून दिसला की कोडं कोणी सोडवत नाही.

पहिला थांबा, क. हललं नाही, वाढलं नाही असं काहीतरी मोजायला द्या: चिऱ्याच्या पायऱ्या, पंपघराच्या खिडकीचे गज. फांद्या, शेंगा, पानं नकोत. सातवीणीच्या एका पेऱ्यावर सात पानं असतात असं नावच सांगतं, पण झाडावर जाऊन बघा, पाच, सहा, आठही सापडतील. पायऱ्या २५ असतील तर २ + ५ = ७, म्हणून क = ७. ‘उंबरठा धरायचा का?’ हा वाद अटळ आहे. चिठ्ठीतच लिहा: ‘जितक्यांदा पाय वर उचलावा लागतो तितक्या.’ तीन वेगवेगळ्या माणसांना मोजायला लावा, एकाचंही उत्तर वेगळं आलं तर ती वस्तू बाद. सहा वर्षांच्या मुलासाठी हा थांबा आहे, त्यालाच मोजू द्या.

दुसरा थांबा, ख. चार झाडांना चार बिल्ले, प्रत्येकावर वेगळा अंक. चिठ्ठी: ‘एक झाड शोधा. त्याने मगरीची कातडी पांघरली आहे.’ मट्टी, म्हणजे माट, घाटावरचे लोक त्याला ऐन म्हणतात. साल चौकोनी भेगांची, मगरीच्या पाठीसारखी. सोबत किंदळ, काजू आणि सातवीण ठेवली तर साल बघूनच फरक कळतो. माटाच्या बिल्ल्यावर ‘दोन’. झाडाच्या सालीला हात लावू द्यायचा असेल तर आसपास बिब्याचं झाड नाही ना हे आधी ओळखीच्या माणसाकडून बघून घ्या. त्याचा काळा चीक अंगावर फोड आणतो.

तिसरा थांबा, ग. इथे जरा रेंगाळावं, कारण मराठीतलं सगळ्यांत देखणं सांकेतिक कोडं मुलांना शाळेतच शिकवलेलं असतं: वर्णमाला. कवर्ग पहिली ओळ, चवर्ग दुसरी, टवर्ग तिसरी, तवर्ग चौथी, पवर्ग पाचवी, प्रत्येकीत पाच अक्षरं. सहावी ओळ य र ल व श, सातवी ष स ह ळ. प्रत्येक अक्षराला दोन अंक, आधी ओळ, मग त्या ओळीतली जागा. चिठ्ठीवर:

५२ ३५ ७२ / ५३ १४

पाचव्या ओळीतलं दुसरं फ, तिसरीतलं पाचवं ण, सातवीतलं दुसरं स. मग ब आणि घ. ‘फणस बघ.’ थांब्याजवळच्या फणसाच्या बुंध्यावर बिल्ला, त्यावर ‘सहा’. शब्द काना-मात्रा-वेलांटी नसलेले निवडा, म्हणजे नुसते अंक पुरतात. करवंद घ्यायचं झालं तर ११ ६२ ६४ ४३ आणि ६४ वर अनुस्वाराचा टिंब. जोडाक्षरं टाळाच. मुलं ओळ आणि जागा उलट धरतात, पण ७२ चं २७ केलं की दुसऱ्या ओळीत सातवं अक्षर सापडतच नाही आणि चूक त्यांची त्यांनाच कळते. म्हणून प्रत्येक संदेशात सहाव्या किंवा सातव्या ओळीतलं एखादं अक्षर असावं. या चिठ्ठीत ते काम स करतो. तक्ता चिठ्ठीच्या पाठीमागे छापून द्या. आजीला वर्ग पाठ असतात, नातवाला आठवावे लागतात. तो हिशेब तिथे बघण्यासारखा असतो.

याच डब्यात अर्धी चिठ्ठीही ठेवा, पाचव्या थांब्यासाठी. ती पुढे.

चौथा थांबा, घ. दिशा आणि अंतर. ‘पांढरा पट्टा असलेल्या चिऱ्यापाशी उभे राहा. होकायंत्र १२० अंश. ४० मीटर चाला. छातीच्या उंचीवर बघा.’ तिथे तारेत ओवलेले पाच लाकडी मणी. घ = ५. अंतर पन्नास मीटरच्या आत ठेवण्याचं कारण: पाच अंशांची चूक ४० मीटरवर साडेतीन मीटरच होते, १५० मीटरवर तेरा. फोनाचं होकायंत्र आधी हवेत आठाचा आकडा काढून जागेवर आणावं लागतं. चुंबक असलेलं फोनचं कव्हर, स्टीलची बाटली आणि किल्ल्यांचा जुडगा लांब ठेवायचा. चाळीस मीटर मोजायला आधी वाटेवर दहा मीटरची दोरी टाकून मुलाला त्याची पावलं मोजू द्या, मग चारपट.

पाचवा थांबा, कुलूप. एका कागदावर मोठ्या ठशात ‘तीन नऊ चार’ लिहा आणि अक्षरांच्या मधोमध आडवा कापा. वरचा, शिरोरेषेचा अर्धा भाग तिसऱ्या डब्यात, खालचा पाचव्यात. दोन्ही जुळवले की ३९४. वरचा भाग एकटा वाचता येत असेल तर कागद अर्ध्याच्या थोडा वर कापावा. मोठ्या मुलांसाठी शिरोरेषाच पुसून टाकलेलं वाक्य द्या. भ आणि म, ध आणि घ यांची मग गंमत होते, पण सहा-सात वर्षांच्या मुलांना ते रडवतं.

आता ताळा. नुसती बेरीज दिली तर अंक बरोबर पण जागा अदलाबदल झाली, ही चूक पकडली जात नाही, आणि मुलं हीच चूक करतात. म्हणून: क + दोनदा ख + तीनदा ग + चारदा घ. आपल्या उदाहरणात ७ + ४ + १८ + २० = ४९. क आणि ग उलटे झाले तर ५१ येतं. उत्तरपत्रिकेच्या तळाशी ‘ताळा ४९’ छापा आणि ताळा जुळल्याशिवाय गट शेवटच्या डब्याकडे निघणार नाही असं ठरवा.

शेवटच्या डब्यासाठी हुमाण, म्हणजे उखाण्यासारखं कोडं. फोन थांबला की चिठ्ठी उघडायची:

फळ वर, बी खाली;
कच्ची फोडली तर बोटं पोळली.

काजू. त्या वर्तुळात काजूचं झाड एकच असेल अशी जागा निवडा, नाहीतर हुमाणाला अर्थ उरत नाही.

डबा कुठे ठेवू नये

गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवर, समोरून दिसेल अशा बेचक्यात किंवा ओंडक्यावर ठेवा. बिळात, दगडाखाली, पाल्याच्या ढिगात, चिऱ्याच्या गडग्याच्या फटीत नाही. फुरसं नेमकं अशा कोरड्या फटींत आणि दगडांखाली असतं, घोणस पाल्यात. मुलांना एक वाक्य द्या: ‘जिथे नजर जात नाही तिथे हात जात नाही.’ आंबा, काजू, फणसाच्या फांदीवर पानं शिवून केलेलं हुमल्यांचं (लाल मुंग्यांचं) घरटं आहे का ते वर बघूनच बिल्ला बांधा. वेलीवर मखमली तपकिरी शेंगा दिसल्या तर ती खाजकुयली, वाट वळवा. तिची कुसं लागली तर चोळायचं नाही, चिकटपट्टीने उचलायची.

माकडतापाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण आपला चांगला हंगाम आणि त्याचा हंगाम एकमेकांवर येतात. २०१५ पासून सत्तरी तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून पसरतो, मुख्यतः डिसेंबर ते मे. खेळाच्या आठवडाभर आधी जवळच्या आरोग्य केंद्रात त्या गावाची चौकशी करा. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, पायांना गोचिडी-डास दूर ठेवणारं मलम. पाल्यावर बसायचं नाही, चटई न्या. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कानामागे, कमरेला, गुडघ्यामागे तपासणी. पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आधी सांगा. वाटेवर मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता खेळ तिथेच बंद करा आणि वन खात्याला, आरोग्य केंद्राला कळवा.

गवा दिसला तर सगळ्यांनी थांबायचं, आवाज न करता मागे सरायचं. एकटा नर असेल तर अंतर अजून वाढवायचं. सर्पदंश झाला तर माणसाला आडवं करा, हातपाय हलू देऊ नका, वेळ लिहा, १०८ ला फोन करा. आवळून बांधणं, कापणं, चोखणं नको. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) किंवा जिल्हा इस्पितळ गाठा. पाहणीच्या दिवशीच नकाशावर खूण करा की वाटेत फोनला रेंज कुठे येते आणि गाडी कुठवर येते. ओहोळाच्या घळीत रेंज नसते, तेव्हा ‘तीन लांब शिट्ट्या म्हणजे मदत’ हे आधी ठरवा.

खेळाचा दिवस

आदल्या दिवशी आराखडा न बघितलेल्या एका कुटुंबाला सगळी वाट चालायला लावा आणि मागून गप्प चाला. जिथे ते तीन मिनिटांहून जास्त अडकतील तिथे दोष चिठ्ठीचा आहे. दुरुस्त करा आणि डबे घरी घेऊन या. रात्रभर रानात ठेवू नका.

पहाटे डबे मांडा. चार-पाच जणांचा एक गट, त्यात किमान दोन मोठी माणसं. पाच गट पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडा: पहिला साडेसातला, शेवटचा साडेआठला, म्हणजे अकरापर्यंत सगळे परत, ऊन चढायच्या आत. गटात काम वाटून द्या: लहानाने मोजायचं, मधल्याने वर्णमाला, मोठ्याने फोन, आजी-आजोबांनी झाडं आणि हुमाण. ही वाटणी नसेल तर पहिल्या दहा मिनिटांत फोन वडिलांच्या हातात जातो आणि मुलं मागून चालायला लागतात. अडल्यास उघडायला प्रत्येक थांब्याचा इशारा बंद पाकिटात द्या; पाकीट उघडलं तर दंड नाही, फक्त उत्तरपत्रिकेवर खूण. घड्याळाची शर्यत ठेवू नका. डोंगरउतारावर पळणारं मूल पडतं, आणि पडलं नाही तरी झाड बघत नाही.

शेवटचा गट निघाला की एक माणूस मागून सगळं उचलत येतो. निघताना कागदावर लिहा: डबे ६, बिल्ले ५, माळ १, दोऱ्या इतक्या. परतल्यावर तोच आकडा जुळला पाहिजे. एक जरी कमी असेल तर त्याच दिवशी परत जा. गुराखी किंवा माकडाने हलवलेली वस्तू सहसा तीस-चाळीस मीटरच्या आतच असते.

कायमचा डबा ठेवून तो जगभरच्या यादीत नोंदवायचा असेल तर नियम वेगळे आहेत: मालकाची परवानगी, दुसऱ्या कोणत्याही डब्यापासून १६१ मीटर अंतर, जमीन न खणणं, किमान तीन महिने डबा जागेवर राहील अशी व्यवस्था आणि कोड्याचा डबा असेल तर जाहीर खुणेपासून ३.२ किलोमीटरच्या आत. गोव्याच्या पावसाळ्यात त्याची देखभाल कोण करणार हे ठरल्याशिवाय नोंदवू नका.

घरी आल्यावर डबे उघडून दिवसभर उन्हात ठेवा, सिलिका जेल तव्यावर मंद गरम करून कोरडं करा, कुलूप उघडं ठेवून चाकांना पुन्हा तेल द्या. त्याच बागेत पुढच्या वर्षी खेळायचं असेल तर शेवटचा डबा दुसरीकडे हलवून त्याचे अंक नव्याने घ्या, बिल्ल्यांवरचे आकडे, पायऱ्यांऐवजी दुसरी मोजायची वस्तू आणि तळाचा ताळा बदला. बाकीचे थांबे तेच चालतात.